दुखत नसताना गोळी कशाला?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं हर्नियाच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल आहेत. माझं रोजचं कामच ते. नाशिकमध्ये मी गेली २२ वर्षं भूल देते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. बॅग घेऊन सकाळी गंगापूर रोड, दुपारी पंचवटी, कधी रात्री नाशिकरोड अशी फिरते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातला शेवटचा प्रश्न मी माझ्याच घरात अनुभवला आहे.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आमची द्राक्षबाग आहे. आबांना उजव्या जांघेत हर्निया आहे. खोकलं की लिंबाएवढा फुगवटा येतो, आडवं पडलं की आत जातो. काढणी उरकली की जाळी बसवायचं ठरलंय. डॉक्टर म्हणाले, पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊ आणि नंतर दुखू नये म्हणून पोटाच्या बाजूला 'नर्व्ह ब्लॉक' देऊ, त्याचे पैसे वेगळे. नस ब्लॉक करणार हे ऐकून आबा बिथरले. त्यांच्या भावाच्या हृदयात ब्लॉक निघाले होते. घरात कुणीतरी नसबंदीचाही विषय काढला. पाठीत एक सुई असताना दुसरी कशाला? आबांना १० वर्षं शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. हे इंजेक्शन घ्यावं का? आणि त्याने दुखणारच नसेल तर वेदनेच्या गोळ्या टाळता येतील ना? आधीच त्यांच्या पोटात मूठभर गोळ्या जातात.
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, आधी आबांच्या भीतीबद्दल बोलू. सगळा घोळ 'नस' या शब्दाचा आहे. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. त्यांच्या भावाच्या हृदयातला ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीत झालेला अडथळा, तो आजार. इथे आपण मज्जातंतूजवळ औषध सोडतो आणि दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचू देत नाही, तीही काही तासच. काही कापत नाही, बांधत नाही, जाळत नाही. औषध उतरलं की सगळं पूर्ववत. नसबंदीशी याचा काडीचा संबंध नाही. पण हे तुम्ही नका सांगू, तुमच्या यजमानांना सांगू द्या, आणि आबा एकटे असताना. या वयाच्या पुरुषांच्या मनात तो प्रश्न असतो, सुनेसमोर तो तोंडातून निघत नाही, आणि मग ते ऑपरेशनच नको म्हणून बसतात. अशी दोन ऑपरेशनं टेबलापर्यंत येऊन परत गेलेली मी पाहिली आहेत.

आता दोन सुया का? पाठीतलं इंजेक्शन कमरेखालचा भाग पूर्ण बधिर करतं, म्हणून ऑपरेशन करता येतं. पण ते दोन-तीन तासांत उतरायला लागतं. सकाळी ११ ला टेबलावरून हललेला माणूस दुपारच्या चहाच्या वेळी पाय हलवायला लागतो आणि त्याच सुमाराला जखम बोलायला लागते. ब्लॉकचं काम तिथून पुढचं. तो साधारण ८ ते १२ तास टिकतो, कधी थोडा जास्त.

तो कुठे देतात ते सांगते. कुशीवर पोटाच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात, घडीच्या पोळीच्या पदरांसारखे एकावर एक. पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना जाणवणारं दुखणं वाहून नेणारे मज्जातंतू मधल्या आणि सगळ्यात आतल्या पदराच्या मधून जातात. सोनोग्राफीत स्नायू काळपट दिसतात आणि पदरांच्या मधली आवरणं पांढऱ्या रेघांसारखी चमकतात. सुई तिरकी आत येते, तीही पांढरी रेघ. ती दोन पदरांच्या मध्ये पोचली की मी आधी थोडं सलाईन सोडून बघते. जागा बरोबर असेल तर पदर सुटतात आणि मध्ये डोळ्याच्या आकाराचं काळं तळं उघडतं. मग औषध. एका बाजूला साधारण २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. इतकी वर्षं झाली तरी ते तळं उघडताना बघून मला बरं वाटतं, कारण त्या क्षणी कळतं की या माणसाची संध्याकाळ बरी जाणार. जांघेच्या हर्नियासाठी आम्ही बऱ्याचदा आणखी खाली येतो, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाजवळ, कारण जांघेकडे जाणारे दोन मज्जातंतू तिथे हमखास सापडतात.

हे काही कालपरवा निघालेलं खूळ नाही. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि १९०० साली हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जनने जांघेतल्या नसा कोकेनने बधिर करून हर्नियाची ऑपरेशनं कशी करता येतात ते लिहून ठेवलं. कुशीतल्या पदरांमध्ये औषध सोडण्याची पद्धत मात्र २००१ मधली, आणि सोनोग्राफीने बघून देणं त्याच्याही नंतरचं. कोकेन केव्हाच मागे पडलं. आता ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन वापरतात.

या औषधाला वजनाचा हिशोब असतो, आणि त्या बाबतीत मी हट्टी आहे. ब्युपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरतात. आबा ६० किलोंचे असतील तर १२० मिलिग्रॅम. पाव टक्क्याच्या २० मिलीत ५० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे एका बाजूला भरपूर जागा आहे. पण सर्जननी टाक्यांपाशी वेगळं औषध मारलं तर तेही याच हिशोबात धरायचं. म्हणून 'वजन अंदाजे सत्तर' असं कागदावर दिसलं की मी पेशंटला काट्यावर उभं करते. तुम्हीही आदल्या दिवशी आबांचं वजन करून घ्या. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, पुढे झटके आणि हृदयाची लय बिघडणं, इथपर्यंत जाऊ शकतं. हे क्वचित होतं. त्यावर उतारा आहे, दुधासारखं पांढरं २० टक्के चरबीचं सलाईन. २००६ पासून त्याने माणसं वाचल्याच्या नोंदी आहेत. ती बाटली थिएटरच्या कपाटात आहे हे बघितल्याशिवाय मी ब्लॉकचं औषध सिरिंजमध्ये भरत नाही.

शुगर आहे म्हणून ब्लॉक टाळायचं कारण नाही. पण आबांच्या तळपायांना मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर वाटत असतील तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. शुगरने नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यांच्याजवळ औषध बेताने वापरावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव पाठ करून जाऊ नका, पाकीटच घेऊन जा. पाठीतल्या इंजेक्शनसाठी त्यातल्या काही गोळ्या ठरावीक दिवस आधी थांबवाव्या लागतात, काही तशाच चालू ठेवतात. हृदयात स्टेंट असेल आणि घरच्यांनी आपल्या मनाने गोळी बंद केली तर हर्नियापेक्षा कितीतरी मोठं संकट ओढवतं. ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पैशांचं म्हणाल तर आकडा आधी विचारून कागदावर घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एक खरं सांगते. परवडत नसेल किंवा तिथे सोनोग्राफीचं मशीन थिएटरमध्ये नसेल, तर सर्जन टाके घालताना जखमेच्या कडांमध्ये तेच औषध मारू शकतात. ते काही तास छान साथ देतं आणि जवळपास फुकटात होतं. ब्लॉक नाही मिळाला म्हणून ऑपरेशन अर्धवट झालं असं अजिबात नाही. मशीन लहान हॉस्पिटलात का नसतं, हेही लोक मला विचारतात. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची जागेनुसार नोंदणी लागते. मी माझं मशीन बॅगेत घालून गावभर फिरवू शकत नाही. त्याने माझी अडचण होते, पण तो कायदा हवाच, मुली वाचायलाच हव्यात. जिथे मशीन नाही तिथे आम्ही हाताच्या अंदाजाने देतो: सुई आवरणातून जाताना बोटांना हलका झटका लागतो. जमतं, पण बघून देण्याइतकी खात्री त्यात नसते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दुखत नसताना गोळी कशाला?

पाच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं, नानांचं, याच बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये असं मी मानते, म्हणून माझ्या मैत्रिणीने दिली. ब्लॉक दुपारी २ वाजता दिला, नेमका बसला. संध्याकाळी नानांनी मुगाची खिचडी खाल्ली, गॅलरीपर्यंत चालून आले, आत्याला फोन लावून म्हणाले, "अगं, मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही." रात्री ८ वाजता सिस्टरने पॅरासिटामॉल आणून ठेवली. नाना म्हणाले, "दुखतच नाही तर गोळी कशाला?" मी तिथेच उभी होते. दिवसभराची थकलेली होते, ते हसत होते, आणि मी म्हणाले, "बरं, राहू द्या."

रात्री अडीचला भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा नाना पलंगाची दांडी धरून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. वरच्या ओठावर घाम. खोकला आला की तो तोंडातच गिळत होते. ब्लॉक हळूहळू उतरत नाही. तो उतरतो तेव्हा जखम एकदम जागी होते, आणि झोपेतला माणूस थेट त्या वेदनेतच डोळे उघडतो. तेव्हा तोंडाने दिलेली गोळी कामाला लागायला पाऊण तास जातो. म्हणून ट्रामाडॉल या जास्त कडक वेदनाशामकाचं इंजेक्शन द्यावं लागलं. त्याने नानांना उलट्या झाल्या आणि प्रत्येक उलटीला टाक्यांवर ताण. पहाटे उशी सरकवली तर खाली ती गोळी होती, कागदाच्या पुडीत, वर सिस्टरने निळ्या पेनाने लिहिलेलं '८ वा.'. ती पुडी अजून माझ्या पाकिटात आहे.

ताई, म्हणून सांगते. ब्लॉक दुखणं पुसून टाकत नाही, तो तेवढे तास पुढे ढकलतो. त्या तासांत पोटात गोळीचा पाया तयार झाला पाहिजे. पॅरासिटामॉल घड्याळाने द्यायची, दर सहा तासांनी, दुखो वा न दुखो, पहिले दोन-तीन दिवस. झोपायच्या आधीची अजिबात चुकवायची नाही. किती मिलिग्रॅमची ते डॉक्टर लिहून देतील. डायक्लोफेनॅकसारखी दुसरी गोळी आबांना चालेल का हे त्यांच्या किडनीच्या रिपोर्टवर ठरेल. शुगर आणि वय बघता क्रिएटिनिन तपासल्याशिवाय, आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर, ती आपल्या मनाने देऊ नका. भूलतज्ज्ञांना एवढं नक्की विचारा: ब्लॉक किती वाजता दिला, आणि किती वाजेपर्यंत उतरेल? तो वेळ लिहून घ्या आणि त्याच्या दीड-दोन तास आधी गोळी पोटात गेलेली असू द्या. मूठभर गोळ्यांची काळजी मला समजते. पण या आठ-बारा गोळ्यांमुळे जी ट्रामाडॉलसारखी इंजेक्शनं टळतात, ती मळमळ करतात, गुंगी आणतात, आणि संडास घट्ट करतात. हर्निया शिवलेल्या माणसाने संडासला कुंथणं म्हणजे शिवलेल्या पोत्यात पुन्हा धान्य कोंबणं.

घरी दोन गोष्टी सांभाळा. आबा पहिल्यांदा उभे राहतील तेव्हा एक जण त्यांच्या उजव्या बाजूला हवाच. जांघेजवळचं औषध कधीकधी मांडीच्या मोठ्या नसेपर्यंत पसरतं आणि गुडघा अचानक दुमडतो. काही तासांत ताकद परत येते, पण तोवर बाथरूमच्या दारात पडलेला माणूस खुबा मोडून घेतो. आणि बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. मायेने शेक द्यायला जातात आणि कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही.

शेजारी म्हणतात तसं पाठीच्या इंजेक्शनने पाठ जन्मभर दुखत नाही. सुईची जागा दोन-चार दिवस हुळहुळते, इतकंच. आबांना एप्रिलच्या खरड छाटणीला बागेत उभं राहायचं असेल तर राहू द्या, उभं. भरलेलं क्रेट मात्र सर्जन सांगतील तोवर, साधारण चार ते सहा आठवडे, उचलायचं नाही. ब्लॉकच्या दिवशी तर बिलकुल नाही, कारण त्या दिवशी दुखून सावध करणारं अंगात कुणी नसतं.

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात दुर्बिणीतून बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला होता. टाके दुखले नाहीत, पण उजवा खांदा दोन दिवस ठणकत होता आणि पोटात खोल ओढल्यासारखं वाटत होतं. माझा ब्लॉक फेल गेला का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : टाके दुखले नाहीत ना? मग ब्लॉकने त्याचं काम चोख केलं. तो पोटाच्या भिंतीचं दुखणं थांबवतो, आतल्या अवयवांचं नाही. त्यांच्या संवेदना वेगळ्या वाटेने जातात. खोल ओढ, जड वाटणं, हे ब्लॉकच्या हद्दीबाहेरचं. त्यासाठीच सोबत गोळ्या असतात.

खांद्याचं कोडं बऱ्याच जणांना पडतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. तो वायू आणि पोटाचा ताण श्वासाच्या पडद्याला चिडवतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच भागातून येते, आणि मेंदू पत्ता चुकतो. दोन-तीन दिवसांत ते जातं, घरातल्या घरात चालल्याने लवकर. पण खांद्याबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर वायू म्हणून बसून राहायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

ब्लॉक कधी खरंच फसतोही, हे मी लपवत नाही. मी शुद्धीवर आलेल्या पेशंटच्या पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवते आणि विचारते, "गार लागतंय का?" जिथे बोळा फिरल्याचं कळतं पण गार लागत नाही, तिथे ब्लॉक बसलेला असतो. गार लागलं तर मी लगेच दुसरा उपाय सुरू करते, वेदनेची वाट बघत नाही.

प्रश्न : माझं वय ३६, सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे. डाव्या जांघेच्या हर्नियाचं जाळीचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. वणाखालचा तळहाताएवढा भाग बधिर आहे, आणि त्याच्या कडेला आग होते. खिशातली किल्ली घासली तरी जीव जातो. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकवर दिवस काढतोय. कायमचा ब्लॉक मिळतो का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : दादा, ती गोळी आधी थांबवा. महिनोन्महिने डायक्लोफेनॅक घेतली तर किडनी आणि जठर दोन्हींना धोका, आणि तुमच्या प्रकारच्या दुखण्याला तिचा फारसा उपयोगही होत नाही.

बधिर पट्टा बऱ्याच जणांना राहतो. छेद देताना बारीक नसा दुखावतात. तो हळूहळू आकसतो, थोडा कायमही राहू शकतो, त्याने अपाय नाही. पण आग, आणि नुसत्या स्पर्शाने कळ, हे नसेचं दुखणं आहे. जांघेच्या हर्नियानंतर तीन महिन्यांच्या पुढे त्रासदायक दुखणं साधारण दहातल्या एकाला उरतं. अगदी जीवघेणं उरणारे त्याहून खूप कमी. तुम्ही कांगावा करताय असं कुणी म्हटलं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका.

आधी सर्जनना दाखवा, हर्निया पुन्हा आलेला नाही ना हे तपासून घ्या. तो नसेल तर वेदनाचिकित्सा करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे जा. तिथे ब्लॉकचा उपयोग वेगळा आहे: कमरेच्या हाडाजवळच्या नसेला थोडं औषध दिलं आणि तुमची आग काही तास पूर्ण थांबली, तर दोषी नस सापडली. मग पुढचे उपाय त्या नसेपुरते करता येतात. काहींना औषध उतरल्यावरही बरेच दिवस आराम राहतो. शिवाय नसेच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या हळूहळू वाढवत घ्याव्या लागतात. कायमची नस मारणं हा पहिला उपाय कधीच नाही.

जाताना एक करा. आदल्या रात्री आरशासमोर बसा, आणि बधिर भागाभोवती एका रंगाच्या पेनाने आणि आग होते त्या भागाभोवती दुसऱ्या रंगाच्या पेनाने रेघ ओढा. तसेच जा. त्या दोन रेघा बघून सुई कुठे न्यायची ते डॉक्टरांना निम्मं तिथेच कळेल.